‘निपुण’ची मुदत दारात आली, पहिली-दुसरीचं गणित मात्र दहाच्या जुडीपाशीच अडलंय

पाहुणे आले की पहिलीतल्या पोराला उभं करायचं आणि सांगायचं, "शंभरपर्यंत म्हणून दाखव." पोरगं एका दमात म्हणत जातं. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस… कुठं अडखळत नाही. पाहुणे खूश, घरचे त्याहून खूश. आता त्याच पोरापुढं सत्तावीस चिंचोके ओतावेत आणि विचारावं, "किती आहेत रे?" ते एकेक करून मोजायला लागतं. एखादा चिंचोका दोनदा मोजला जातो, एखादा राहून जातो. उत्तर येतं अठ्ठावीस. पुन्हा मोजायला सांगितलं की सव्वीस. दहा-दहाचे ढीग करून पटकन मोजता येईल, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. कारण ते त्याला कुणी करायलाच लावलेलं नसतं.

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे सरकारी मुदत. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित करता यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत देशभर घडावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. आपल्या राज्यात तेच काम ‘निपुण महाराष्ट्र’ या नावाने चालतं. झेडपीच्या बहुतेक शाळांत भिंतीवर त्याचे तक्ते लागलेले आहेत. त्यात इयत्तेप्रमाणे अपेक्षा ठरलेल्या आहेत. बालवाटिकेतल्या मुलाला १० पर्यंतचे अंक ओळखता यावेत. पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी यावी. दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी. तिसरीला ९९९९ पर्यंत आणि सोपा गुणाकार.

कागदावर हे फार मोठं वाटत नाही. प्रत्यक्षात काय चित्र आहे ते ‘असर’च्या अहवालात दिसतं. हा अहवाल ग्रामीण भागातल्या मुलांना घरोघरी जाऊन तपासतो. तिसरीतल्या किती मुलांना निदान दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते, याचा देशपातळीवरचा आकडा २०१८ मध्ये २८.२ टक्के होता. कोरोनात शाळा बंद राहिल्या, २०२२ मध्ये तो २५.९ वर आला. २०२४ मध्ये ३३.७ वर गेला. म्हणजे सुधारणा झाली, ती नाकारायचं कारण नाही. पण सुधारणा होऊनही तिघांतल्या दोघांना ती वजाबाकी येत नाहीच. आणि ही वजाबाकी दुसरीत यायला पाहिजे असं भिंतीवरचा तक्ता सांगतो.

यावर चावडीवर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, "गुरुजी शिकवत नाहीत." दोन, "पोरं मोबाईलवर असतात." दोन्हीत थोडंफार तथ्य असेल. पण पहिली-दुसरीचं गणित नेमकं कुठं अडतं हे वर्गात बसून बघितलं तर वेगळंच दिसतं. ते अडतं दोन ठिकाणी. एक म्हणजे दहाची जुडी, म्हणजे दहा सुटे मिळून एक दशक होतो ही गोष्ट. दुसरं म्हणजे एका शिक्षकाच्या हातात असलेली मिनिटं.

एका ‘तीन’ची किती रूपं

आधी आपल्या भाषेची गोष्ट. तीन हा आकडा घ्या. तेरा, तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. यात ‘तीन’ हा शब्द एकदाही सरळ येत नाही. पन्नास घ्या. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. पन्नासचा ‘स’ गायब. सत्तरचं पुढे ‘हत्तर’ होतं. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी. हा नियम पोराला कळतोय न कळतोय तोवर नव्याण्णव येतं आणि नियम मोडतं. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण ते लहानपणीच पाठ झालेलं असतं.

त्यात आणखी एक उलटापालट. त्रेपन्न म्हणताना आधी तीन येतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५ आणि मग ३. म्हणून पहिली-दुसरीत कितीतरी मुलं त्रेपन्नला ३५ लिहितात. घरी याला ‘धांदरटपणा’ म्हणतात. पोरगं मात्र कानाला ऐकू आलं त्याच क्रमाने लिहित असतं.

याच अडचणीवर २०१९ मध्ये बालभारतीने एक उपाय काढला होता. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या सोबत ‘वीस एक’, सत्तावीससोबत ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत दिली. त्या विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जोडाक्षरं आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलं गणिताला घाबरतात. इंग्रजीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत आधी दशक आणि मग एकक म्हणतात, तशी एक सोपी वाट आपल्याही मुलांना असावी. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते.

त्यानंतर काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस पडला. विधानसभेत विषय गेला, तिथं त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरूनही कोटी झाली. मराठीची मोडतोड होतेय अशी ओरड झाली. चर्चेत सगळं आलं, फक्त त्रेपन्नला ३५ लिहिणारं पोरगं आलं नाही. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. ‘वीस एक’ बोलीभाषेत रुजलं नाही आणि रुजायला हवंच होतं असंही नाही; बाजारात जाऊन "वीस सात रुपये द्या" कुणी म्हणणार नाही. पण वर्गातल्या वर्गात, जुडी आणि सुटे हातात धरून, "दोन जुड्या म्हणजे वीस, आणि वरचे सात, वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस" एवढं म्हणून घेण्याला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. जे शिक्षक तेव्हाही हे करत होते ते आजही करतात, फक्त त्याचा गाजावाजा करत नाहीत.

गंमत म्हणजे, आपल्या गावातल्या जुन्या बायका आजही "दोन विसा आणि पाच" असं मोजतात. पंचेचाळीस हा शब्द त्यांना लागत नाही. ढीग किती आणि वरचे किती, एवढंच. कडबा मोजताना पाच पेंढ्यांचा पाचुंदा धरायचे, तेही तेच. ज्या पद्धतीला २०१९ मध्ये शहरी म्हणून हसलो तिची सावत्र बहीण आपल्याच खळ्यावर होती.

सीमेवरच्या तालुक्यांत हे आणखी स्पष्ट दिसतं. जत, अक्कलकोटकडं ज्या घरात कानडी बोलतात तिथलं पोर एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतं, म्हणजे वीस-एक. देगलूरकडं तेलुगू घरातलं पोर ‘इरवै ओकटि’ म्हणतं, तेही वीस-एक. ही मुलं मराठी शाळेत आली की त्यांना सरळ असलेली गोष्ट उलटी शिकावी लागते. त्यांच्या शिक्षकांनी घरच्या भाषेतला तो क्रम वापरून घेतला तर ती कमकुवत बाजू नाही, उलट हाताशी आलेली सोय आहे.

आता सेमीचं बघू. झेडपीच्या अनेक शाळांत पहिलीपासून गणित इंग्रजीतून चालतं. पालकांचाच आग्रह असतो, पट टिकवायचा तर शिक्षकांनाही पर्याय नसतो. ‘ट्वेंटी सेवन’मध्ये क्रम सरळ आहे हा फायदा खरा. मोबाईल नंबर तर आता आपण सगळेच इंग्रजीत सांगतो, शेतातला गडीसुद्धा "नाइन एट डबल टू" असंच सांगतो. पण घरात आई सत्तावीस म्हणते, दुकानदार सत्तावीस म्हणतो आणि वर्गात ट्वेंटी सेवन. या दोन्हींच्या मधे सत्तावीस काड्या कुणी ठेवल्याच नाहीत, तर पोराकडं दोन भाषांतले दोन पाठ केलेले शब्द राहतात, संख्या एकही नाही. सेमी करायचं की नाही हा वाद वेगळा. काड्या दोन्हीकडं लागतातच.

चाळीस मिनिटं, दोन वर्ग

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. वाडी-वस्तीवरच्या बहुतेक शाळांचा पट याच्या आतला असतो. म्हणजे चार वर्ग, दोन शिक्षक. सहसा पहिली-दुसरी एकाकडं, तिसरी-चौथी दुसऱ्याकडं. दोघांतला एक मुख्याध्यापक. त्याला केंद्रावर बैठक, तालुक्याला माहिती, पोषण आहाराचा हिशेब, अॅपवर फोटो, निवडणूक आली की बीएलओचं काम. तो गेला की उरलेल्या एकट्याकडं चारही वर्ग.

आता गणिताची तासिका धरा चाळीस मिनिटांची. दोन वर्ग असले की प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं. शिक्षक पहिलीजवळ बसले की दुसरीनं काय करायचं, हा जोडवर्गातला खरा प्रश्न आहे. त्याचं सगळ्यात सोपं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: "एक ते शंभर लिहा." वर्ग शांत राहतो. वही भरते. वही भरलेली बघून पालक खूश, तपासणीला आलेले साहेबही खूश.

पण मुलं हे एक ते शंभर कसं लिहितात ते कधी वाकून बघावं. रांगेने २१, २२, २३ असं क्वचितच कुणी लिहितं. आधी वरून खाली दहा वेळा २, २, २, २ लिहून घ्यायचं, मग त्याच्या शेजारी वरून खाली १, २, ३, ४ भरत जायचं. वही सुंदर दिसते, आणि त्यात एकही संख्या पोराच्या डोक्यातून गेलेली नसते. मुलं हुशार असतात, कमीत कमी कष्टाची वाट काढतात. दोष त्या कामाचा आहे.

ज्या जोडवर्गात गणित खरंच चालतं तिथली मांडणी वेगळी असते. तिला फार पैसा लागत नाही, विचार मात्र रोज लागतो. सुरुवातीची दहा मिनिटं दोन्ही वर्गांची एकत्र. विषय हजेरीचा. फळ्यावर पट २३, हजर १९. गैरहजर किती? पहिलीचं मूल चार बोटं मोजून सांगतं, दुसरीचं वजाबाकी मांडतं. काल किती होते, आज किती कमी? पोषण आहाराला किती ताटं काढायची? एकच प्रश्न, आणि दोन वर्गांना आपापल्या ताकदीप्रमाणे काम. हे गणित खोटं नसतं, कारण ताटं खरोखर काढायची असतात.

मग दुसरी जोडीजोडीने बसते. त्यांच्याकडं जाड पुठ्ठ्याची कार्डं असतात. कार्डावर संख्या, समोर काड्या. जुड्या आणि सुटे मांडून दाखवायचे, कार्ड उलटलं की मागं चित्रात उत्तर. बरोबर की चूक हे त्यांचं त्यांना कळतं, दर दोन मिनिटांनी "बाई, झालं!" म्हणून उठावं लागत नाही. हा मुद्दा लहान वाटतो, पण जोडवर्गाचं सगळं यावर चालतं. न विचारता करता येईल आणि आपलं आपल्याला तपासता येईल असं काम दिलं तरच शिक्षकाला दुसऱ्या वर्गाजवळ सलग पंधरा मिनिटं मिळतात. तोवर बाई पहिलीसोबत खाली बसलेल्या असतात. खुर्चीवर बसून पहिलीचं गणित शिकवता येत नाही, कारण बघायचं असतं ते पोराच्या बोटांकडं. पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल.

आणखी एक गोष्ट अवघड असते. दुसरीतली सगळी मुलं दुसरीच्या गणितावर नसतात. बारा मुलांत दोन-तीन अजून वीसच्या अलीकडं चाचपडत असतात. त्यांना पहिलीच्या गटात बसवून जुड्या बांधायला लावणं हाच उपाय आहे. पुस्तक पुढं रेटून उपयोग नाही. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करण्याची ही पद्धत ‘प्रथम’सारख्या संस्थांनी अनेक राज्यांत वापरली आहे. पण गावात याचा अर्थ वेगळा लागतो. "माझ्या पोराला पहिलीत बसवलं" म्हणून आई संध्याकाळी शाळेच्या दारात उभी राहते. मग शिक्षक पुढच्या वेळी असा गट करायचं टाळतात. पोर दुसरीच्या ओळीत बसतं आणि एक ते शंभर लिहित राहतं. या बाबतीत पालकांनी शिक्षकाला थोडी मोकळीक द्यायला हवी, कारण अर्ध्या तासाचा गट म्हणजे नापास करणं नव्हे.

हातचा कुठून आणला?

बेचाळीस वजा सतरा. दुसरी-तिसरीत या एका गणितावर पोराची सगळी समज उघडी पडते. खूप मुलं उत्तर काढतात ३५. कसं? चारातून एक गेला तीन. खाली सात, वर दोन; दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच. पोराच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला. बेचाळीस ही एक संख्या आहे हे त्याला वाटतच नाही, त्याच्यासाठी ते शेजारी-शेजारी बसलेले चार आणि दोन आहेत.

तिथं "अरे, हातचा घे ना" म्हणून ओरडलं तर पोर चारावर काट मारून तीन करतं, दोनाच्या डोक्यावर एक लिहितं आणि उत्तर बरोबर आणतं. पण तो एक कुठून आला आणि तो दहा कसा झाला, हे विचारलं की गप्प. काड्यांनी केलं तर प्रश्नच उरत नाही. चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर आहेत. सात सुट्या काढून द्यायच्या आहेत, दोनच आहेत. मग एक जुडी सोडायची. रबर काढलं की दहा काड्या सुट्या झाल्या, आता बारा सुट्या आणि तीन जुड्या. सात दिल्या, पाच उरल्या. एक जुडी दिली, दोन उरल्या. पंचवीस. पाच-सहा वेळा स्वतःच्या हाताने रबर काढलेल्या पोराला हातचा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

यासाठी लागणारं साहित्य शाळेत नाही असंही नाही. गणित पेटी अनेक शाळांना मिळालेली आहे. मण्यांच्या माळा, ठोकळे, खोट्या नोटा, सगळं असतं त्यात. ती बरेचदा कपाटात असते. त्याचं कारण आळसच असतं असं नाही. साहित्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला असते, मणी हरवले तर तपासणीत उत्तर शिक्षकाला द्यावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हातात दिलेली वस्तू हरवणार, तुटणार, हे गृहीत धरून जोवर नोंदी होत नाहीत तोवर पेट्या कपाटातच राहणार. काही शिक्षक यातून साधी वाट काढतात. पेटी पेटीच्या जागी, वर्गात चिंचोके, तुराट्यांचे तुकडे, बाभळीच्या शेंगांतल्या बिया. हरवल्या तर हरवल्या.

ही युक्ती नवी नाही. पालघर जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी हेच केलं होतं. महागडी साधनं आणायच्या ऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. जी मुलं शाळेत येत नव्हती, गुरं राखत होती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. ज्यांनी बालवाडीची कल्पना गावात आणली त्यांची ही पद्धत, आणि आपण साधन म्हटलं की खरेदीची फाईल शोधतो.

साताऱ्याच्या कुमठे बीटचं उदाहरणही इथं आठवतं. तिथल्या शाळांनी दशकभरापूर्वी वर्गातली फरशीच कामाला लावली. मुलं खाली गटात बसून साहित्य हाताळत शिकायची. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. त्यानंतर गावोगावच्या फरश्या ऑइलपेंटने रंगल्या. संख्यांचे चौकोन, सापशिडी, फुलं, सगळं आलं. काही ठिकाणी त्यावर काम झालंही. बऱ्याच ठिकाणी रंग आला, फोटो गेले, आणि पोरं त्या संख्यांवर बसून पुन्हा वहीत एक ते शंभर लिहायला लागली. रंगाला निधी मिळतो, उद्घाटन होतं. मुलाजवळ रोज पंधरा मिनिटं बसण्याला यातलं काहीच नसतं.

बाजारातलं पोर आणि पाटीवरचं पोर

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात भारतातल्या मुलांवरचा एक अभ्यास आला. करणाऱ्यांत नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत भाजीपाला विकणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांकडं गिऱ्हाईक बनून माणसं गेली, अडनिड्या वजनाची भाजी घेतली आणि हिशेब विचारला. मुलांनी तोंडी हिशेब चोख केले. तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं तर बहुतेक अडकली. उलट शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचं जमलं, बाजारातला हिशेब सोडवताना ती गडबडली.

आठवडी बाजारात आईसोबत बसणारी मुलं आपल्याकडंही आहेत. "पन्नासची नोट, अठराची मेथी, बत्तीस परत" हे ती सहज सांगतात. वर्गात ५० वजा १८ फळ्यावर आडवं लिहिलं की त्याच मुलांची मान खाली. म्हणजे डोकं कमी नाही. बाजारातलं गणित आणि पाटीवरचं गणित एकच आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. अठरावर दोन वीस, वीसवर तीस पन्नास. पोर असं वर चढत मोजतं. ती रीत चुकीची नाही. शिक्षकाने आधी तिला "बरोबर" म्हणावं, फळ्यावर लिहून दाखवावं, मग हातच्याची रीत आणावी. वर्षातून एकदा ‘बाल आनंद बाजार’ भरवून, वडापाव विकून, फोटो काढून हे होत नाही. त्या दिवशी निम्मे हिशेब पालकच करतात.

उलटी बाजूही सांगायला हवी. नुसतं हाताने आणि खेळत शिकवलं की झालं असं समजणारेही चुकतात. पाढे लागतातच. बे दुणे चार पासून वीसपर्यंतचे पाढे पाठ असलेलं मूल पुढं भागाकारात दमत नाही. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ होती आणि त्यावर त्यांनी जन्मभर व्यवहार केले. पण त्यांच्यापुढं रोज मापं होती, पायली होती, शेर होता. पाठ केलेल्याला टेकायला वस्तू होती. आजचं पोर पाढा म्हणतं तेव्हा समोर काय असतं?

पुस्तक बदललं, चर्चा भलतीकडंच

२०२५-२६ पासून राज्यात पहिलीला नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे नवा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने यायचे आहेत. त्याच वेळी पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर राज्य ढवळून निघालं. १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय २९ जूनला मागं घेतले गेले. वाद महत्त्वाचा होता, तो व्हायलाच हवा होता. पण त्या तीन महिन्यांत पहिलीच्या गणितात काय बदललं यावर गावात, वर्तमानपत्रात, चॅनेलवर कुठंच काही ऐकू आलं नाही. २०१९ ला विनोद झाले आणि २०२५ ला भाषा. गणिताचा नंबर लागलाच नाही.

यात सगळ्यात मागं राहतात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं. पहिलीत जून ते सप्टेंबर एक ते वीस पर्यंतचं चालतं. दशकाचं, जुडीचं खरं काम सुरू होतं ते दिवाळीच्या पुढं-मागं. नेमका त्याच वेळी टोळीचा ट्रॅक्टर गावात येतो. पोर मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग ९९ वर पोचलेला असतो. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ जी मुलं मागं राहतात त्यांचं निभावतं. जी फडावर जातात त्यांची दहाची जुडी बांधायचीच राहून जाते, आणि पुढच्या जूनला ती दुसरीच्या ओळीत बसतात. परत आल्यावर पहिले काही आठवडे त्यांना वेगळ्या गटात फक्त दशकाचं काम द्यावं, हे शाळेच्या पातळीवर करता येण्यासारखं आहे. त्यासाठी वरून आदेश लागत नाही, पण दुसरा शिक्षक हजर असावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीने रंगरंगोटीच्या आधी हे विचारायला हवं: गणिताच्या तासाला आपल्या शाळेत आठवड्यातले किती दिवस दोन्ही शिक्षक असतात?

घरी करून बघायचं असेल तर त्याला पुस्तक लागत नाही. जेवणं झाल्यावर मूठभर चिंचोके किंवा शेंगदाणे ओतावेत. सत्तावीस मोजायला सांगावेत आणि पोर दहा-दहाचे ढीग करतं का ते बघावं. करत नसेल तर एकदा आपण करून दाखवावेत. दुसरी-तिसरीचं असेल तर बेचाळीसमधून सतरा काढायला सांगावेत, आधी वहीत आणि मग काड्यांनी. वहीत पस्तीस आलं आणि काड्यांनी पंचवीस, तर रागवू नये. "दोन्हीतलं खरं कुठलं, आणि का?" एवढंच विचारावं आणि त्याला बोलू द्यावं. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायला गेल्यावर बाईंना सांगावं, की याचं जुडी सोडायचं राहिलंय, पहिलीच्या गटात बसवलंत तरी चालेल.